कोब्यापासून इपॉक्सीपर्यंत : महाराष्ट्रातील जमीनकामाचा धंदा

इपॉक्सी फ्लोअरिंगचा ठेका हा महाराष्ट्राच्या बांधकाम व्यवसायातला वयाने लहान धंदा आहे. काँक्रीटच्या जमिनीवर कृत्रिम राळेचा, दोन-तीन मिलिमीटर जाडीचा आणि कुठेही सांधा नसलेला थर चढवून देणे एवढेच त्याचे काम. चाकण, रांजणगाव, वाळूज, तारापूर, गोव्यातले वेर्णा अशा औद्योगिक वसाहतींवर तो जगतो. त्याचे रसायन परदेशातून आले. ठेकेदाराचे माप, मजुरांची उतरंड, देण्याघेण्याची रीत आणि ठरलेली भांडणे मात्र या मुलखातल्या जुन्या जमीनकामातूनच आली आहेत. म्हणून हा धंदा कसा उभा राहिला हे सांगायचे तर सुरुवात मातीच्या भुईपासून करावी लागते.

जमीन करणे हा फार काळ धंदाच नव्हता. घराची भुई घरच्यांनीच करायची. मुरूम आणि माती पसरायची, पाणी मारून भिजवायची, धुम्मसाने ठोकायची, चोपण्याने चोपून सपाट करायची आणि वर शेणाचा सारवा द्यायचा. चोपणी वर्षा-दोन वर्षांनी होई; सारवण मात्र दर आठवड्याला, सणावाराला आणि पावसाळा सरल्यावर हमखास. हे सगळे बायकांच्या अंगावरचे काम, आणि त्याला मोल नाही. जिची डागडुजी घरातच आणि फुकट होते, त्या जमिनीसाठी कुणी ठेकेदार नेमत नाही. जमीन वर्षानुवर्षे टिकावी आणि तिच्याकडे पुन्हा बघावे लागू नये, अशी अपेक्षा आली तेव्हाच तिच्यासाठी पैसे मोजणारा आणि पैसे घेणारा असे दोघे तयार झाले.

अशी पहिली जमीन म्हणजे कोबा. वाडे, देवळे, पुढे सरकारी कचेऱ्या यांत कोबा असे आणि त्याला कसबी माणूस लागे. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची आणि घाणीत मळायची. चुन्याची घाणी म्हणजे दगडी वाटोळा चर आणि त्यातून बैल फिरवीत असलेले दगडी चाक. वाळू, सुरखी म्हणजे विटांचा भुगा, क्वचित गुळाचे आणि हिरड्याचे पाणी घालून केलेला हा माल जमिनीवर पसरला की मजुरांची रांग तो ओला असेतोवर ठोकत राही. सौराष्ट्रातले टिपणी नृत्य चुन्याची जमीन ठोकणाऱ्या बायकांच्या याच ठेक्यातून आले आहे. कोब्याचे यश दोन गोष्टींवर ठरे : खालची भर किती दाबून बसवली आहे आणि माल आवळायच्या आत ठोकाई पुरी होते की नाही. खालचा थर आणि हातातला वेळ, या दोन्ही गोष्टी इपॉक्सीच्या ठेकेदाराच्या मानेवर आजही तशाच बसलेल्या आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दगड स्वस्त झाला आणि जमीनकाम खऱ्या अर्थाने बाजारात आले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोचली आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रास रेल्वेशी जोडली गेली. या वाटेवर, तेव्हाच्या निजामी मुलखात आणि आजच्या कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात, शहाबाद आहे. तिथला निळसर राखाडी चुनखडक निसर्गतःच थराथरांनी निघतो. त्याच्या लाद्या करायला फारसे घडवावे लागत नाही. रेल्वेच्या वाघिणींतून ही फरशी पुणे-मुंबईकडे येऊ लागली, आणि दक्षिण महाराष्ट्रापासून मुंबईच्या चाळींपर्यंत 'शहाबादी' ही सामान्य माणसाची जमीन झाली. दगड तोच, पण काळा आणि अधिक गुळगुळीत हवा तर कडप्पा; तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढला. कोटा पुढे राजस्थानातून आला.

या बदलाला रोगराईनेही हातभार लावला. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग शिरला. लागण झालेल्या घरांतल्या मातीच्या जमिनी उकरून काढणे, त्यांवर जंतुनाशके ओतणे, भिंतींना चुना मारणे असे उपाय सरकारी पथकांनी सक्तीने केले. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि दाट वस्त्या पाडून नव्या चाळी बांधायचे काम सुरू झाले. धुता येणारी, पाणी न पिणारी, उंदराला न पोखरता येणारी जमीन ही तेव्हापासून आरोग्याची बाब ठरली. औषध कारखान्यांच्या नियमांत शंभर वर्षांनी जमिनीबद्दल जे लिहिले गेले, त्याचा गाभा याहून फार वेगळा नाही.

श्रीमंतांच्या इमारतींत याच काळात इंग्लंडहून मिंटनच्या रंगीत लाद्या येत होत्या. १८७२ मध्ये खुल्या झालेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, त्या अजून पाहता येतात. त्यांना देशी पर्याय १९२२ मध्ये उभा राहिला. फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी स्वदेशीच्या वाऱ्यात भारत टाइल्स ही कंपनी काढली आणि उरणला कारखाना घातला. त्यांची लादी भाजलेली नव्हती. लोखंडी साच्यात नक्षीचे कप्पे ठेवून त्यांत रंगीत सिमेंट ओतायचे, मागे कोरडा माल भरायचा, दाबयंत्राखाली दाबायचे आणि लादी पाण्यात मुरवायची, अशी ती पद्धत. जमिनीचा दर्जा यापुढे गवंड्याच्या हाताइतकाच कारखान्यात ठरू लागला. लादी तयार येते, बसवणारा वेगळा असतो आणि बिघडले की दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. ही व्यवस्था तेव्हापासूनची.

लादीबरोबर सिमेंटही देशी झाले. १९१४ मध्ये पोरबंदरला सिमेंटचे नियमित उत्पादन सुरू झाले आणि १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन मुंबईत एसीसी स्थापन झाली. शहाबादलाही सिमेंटचा कारखाना उभा राहिला, कारण फरशीचा चुनखडक आणि सिमेंटचा चुनखडक यांत फरक थोडाच. चुन्याच्या घाण्या बंद पडत गेल्या. कोबा हा शब्द टिकला, पण आता तो सिमेंटचा. कारखाने, गोदामे, शाळा आणि दवाखाने यांत 'आयपीएस' म्हणजे इंडियन पेटंट स्टोन या भारदस्त नावाची जमीन होऊ लागली. ती प्रत्यक्षात बारीक खडीच्या काँक्रीटचा जागेवरच ओतलेला थर असते; वर निव्वळ सिमेंटची घोटाई आणि तडे आवरायला काचेच्या पट्ट्या. घोटाई करणाऱ्या मिस्त्रीला काँक्रीटचे पाणी नेमके कधी ओसरले हे बोटाने दाबून कळावे लागे. लवकर घोटले तर वर सिमेंटची पातळ, कमजोर साय जमते आणि वर्षभरात तिची धूळ होते. इपॉक्सीचा ठेकेदार आज सर्वांत आधी यंत्र लावून जे खरवडून काढतो ती हीच साय.

स्वातंत्र्यानंतरच्या चार दशकांत घरांची जमीन मोझॅकची झाली. लाद्या बसवल्यावर त्यांची जागेवरच घासाई व्हायची. यंत्राला दगड लावून पाण्यात तीन वेळा, प्रत्येक वेळी अधिक बारीक दगडाने, आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडने पॉलिश. हा कामगार गवंड्यापासून वेगळा झाला, त्याने स्वतःचे यंत्र घेतले आणि तो ब्रासवर दर लावू लागला. महाराष्ट्रात ब्रास म्हणजे क्षेत्रफळाच्या कामात शंभर चौरस फूट, आणि वाळू-खडीच्या मापात शंभर घनफूट. एक यंत्र, दोन-चार माणसे आणि ब्रासचा दर : फ्लोअरिंगच्या छोट्या ठेकेदाराचा साचा इथे तयार झाला.

त्या काळात ठेकेदाराची खरी पत सिमेंट मिळवण्यात होती. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते, परवान्याशिवाय पोते मिळत नसे. सिमेंटवाटपाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्ये पद सोडावे लागले. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्ण उठले. सिमेंट खुल्या बाजारात आल्यावर 'माल कुठून आणणार' हा प्रश्न मागे पडला आणि 'काम कसे करणार' हा पुढे आला. खास कसबाच्या ठेकेदारांना वाव मिळाला तो यानंतर.

इपॉक्सी राळेचा जन्म मात्र दाताच्या कामातला आहे. जर्मनीत पॉल श्लाक यांनी १९३४ मध्ये या गटातल्या रसायनांचे पेटंट मागितले होते, पण त्याचा पुढे उद्योग झाला नाही. स्वित्झर्लंडमध्ये डे ट्रे या दंतसाहित्य बनवणाऱ्या कंपनीसाठी पिएर कास्ताँ कवळीला चालेल असा पदार्थ शोधत होते. त्यांना बिस्फेनॉल ए आणि एपिक्लोरोहायड्रिन यांपासून अशी राळ मिळाली की जी घट्ट होताना फारशी आकसत नाही आणि ज्याला लागेल त्याला सोडत नाही. १९३८ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. कवळीचा धंदा जमला नाही. हक्क बाझेलच्या सीबा कंपनीकडे गेले आणि १९४६ मध्ये 'ॲराल्डाइट' या नावाने ते चिकटद्रव्य बाजारात आले. त्याच सुमारास अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली रंगाच्या कंपनीसाठी याच रसायनावर स्वतंत्रपणे काम करत होते. म्हणजे चिकटवणे आणि रंगवणे हे इपॉक्सीचे पहिले दोन उपयोग, आणि जमीन हा त्या दोन्हींचा संगम.

मराठी घरात ॲराल्डाइट फुटक्या बरण्या आणि चपलांचे तळ जोडायला आले. कारखान्यात इपॉक्सीने प्रवेश केला तो विजेच्या मार्गाने. १९५६ मध्ये पुण्यात सुरू झालेली डॉ. बेक अँड कंपनी विजेच्या मोटारींच्या वेटोळ्यांसाठी वार्निश आणि राळ बनवत असे. गुजरातेत वलसाडजवळ सीबा आणि अतुल यांची भागीदारी राळेच्या धंद्यात उतरली. जमिनीवर इपॉक्सी आधी आली ती तुकड्या-तुकड्यांनी : ॲसिडरोधक विटांच्या सांध्यांत, यंत्राच्या पायथ्याशी, फुटलेल्या कडांना. तरीही भारतीय मानक संस्थेने इपॉक्सीची जमीन घालण्याची संहिता, आयएस ४६३१, १९६८ मध्येच काढली होती. नियम तयार होते, गिऱ्हाईक मोजके होते. राळ महाग, आयातीवर बंधने, आणि कारखानदाराला आयपीएस परवडत असताना दसपट खर्च करायचे कारण दिसत नव्हते.

ते कारण दोन उद्योगांनी पुरवले. एक औषधांचा. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली होती. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि ठाणे-बेलापूर, तारापूर, पुढे औरंगाबाद इथल्या वसाहतींत औषध कारखान्यांची रांग लागली. १९८८ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या 'शेड्यूल एम'मध्ये उत्तम उत्पादन पद्धतींचे नियम आले. २००१ मध्ये ते कडक झाले आणि १ जुलै २००५ पासून सक्तीचे. जमीन गुळगुळीत हवी, तिला भेगा आणि उघडे सांधे नकोत, ती धुता यावी, धूळ साचेल असा कोपरा नसावा. लादीच्या जमिनीत सांधा हाच दोष ठरला. आयपीएसमध्ये धूळ. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे काटकोनाऐवजी गोलाई, म्हणजे कोव्हिंग, हवी झाली. एवढ्या अटी एकत्र पुऱ्या करणारा परवडणारा पर्याय इपॉक्सीच होता. परदेशात औषधे पाठवणाऱ्यांना तर अमेरिकी तपासनीसांचीही धास्ती होती. वेर्ण्याच्या आणि ठाणे-बेलापूरच्या जमिनी त्यांना डोळ्यांसमोर ठेवून केल्या गेल्या. डिसेंबर २०२३ मध्ये शेड्यूल एम पुन्हा सुधारले आणि लहान उत्पादकांना मुदतवाढ देत देत लागू झाले. त्या मुदतवाढीच्या काळात फ्लोअरिंगवाल्यांची डायरी भरलेली होती.

दुसरा उद्योग वाहनांचा. चाकण, रांजणगाव आणि वाळूजच्या कारखान्यांना तेल न पिणारी, उजळ रंगाची, वाटा आखता येतील अशी जमीन हवी होती. तोवर मोठ्या शेडमध्ये ट्रिमिक्स रुळले होते. ताज्या काँक्रीटमधले जादा पाणी पंपाने ओढून घेऊन वर यंत्राने घोटलेली ती जमीन आयपीएसपेक्षा बरीच भक्कम असते. इपॉक्सीला असा पाया मिळाला तेव्हा तिची मोठी कामे निर्धास्तपणे घेता येऊ लागली. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांनी स्थिर वीज वाहून नेणाऱ्या जमिनी मागितल्या. त्यांत राळेखाली तांब्याच्या पट्ट्यांचे जाळे घालून ते अर्थिंगला जोडतात. अशी कामे थोडी, पण दर चांगला.

ठेकेदार या साखळीत शिरला तो 'ॲप्लिकेटर' म्हणून. बांधकाम रसायनांच्या कंपन्या माल बनवतात, पण कामगार ठेवत नाहीत. त्या आपल्या मालाचे प्रशिक्षण देऊन काही ठेकेदारांना मान्यता देतात. मोठा कारखाना निविदेत असाच ॲप्लिकेटर मागतो. या धंद्यात येणारे बहुतेक तीन वाटांनी आले. काही वॉटरप्रूफिंग आणि रंगकामाचे ठेकेदार होते, त्यांना रोलर आणि रसायन ठाऊक होते. काही मोझॅकच्या घासाईतले. १९९० नंतर व्हिट्रिफाइड लाद्यांनी घरांतले त्यांचे काम संपवले, यंत्राचा हात मात्र तसाच राहिला. आणि काही रसायन कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी, ज्यांना कारखान्यांतली खरेदीखात्याची माणसे माहीत होती. यांत सर्वांत लवकर वर आलेले बहुधा तिसरे, कारण या धंद्यात पहिले काम मिळवणे हे पहिले काम करण्याहून अवघड आहे. सर्वांत जास्त पडझडही त्यांचीच झाली. त्यांना माल विकता येत होता, काँक्रीट वाचता येत नव्हते.

काँक्रीट वाचणे हेच या कामातले निम्मे आहे. नवे काँक्रीट किमान २८ दिवसांचे हवे आणि त्यातला ओलावा चार-पाच टक्क्यांच्या खाली. प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीवर बंद करून सोळा तास ठेवायचा. खाली दंव जमले तर काम थांबवायचे. ही जुनी, बिनखर्चाची चाचणी मापकयंत्रे आल्यावरही टिकून आहे. मग हिऱ्याच्या दातांच्या ग्राइंडरने वरची साय काढायची, व्हॅक्युमने धूळ ओढायची, भेगा कापून भरायच्या. प्रायमर काँक्रीटमध्ये मुरला की त्यावर गारगोटीच्या वाळूचा स्क्रीड आणि शेवटी आपोआप सपाट होणारा वरचा थर. राळ आणि हार्डनर ठरल्या प्रमाणात मिसळले की घड्याळ सुरू होते. अर्ध्या-पाऊण तासात माल हातातून जातो. उन्हाळ्यात त्याहून लवकर. मिसळलेला माल बादलीत तसाच राहिला तर स्वतःच्या उष्णतेने धुमसू लागतो, म्हणून तो लगेच जमिनीवर ओतायचा. दातेरी पट्टीने पसरवायचा, आणि खिळ्यांचे तळवे बांधलेल्या माणसाने काटेरी रोलर फिरवून आतले बुडबुडे फोडायचे. मिसळणारा, ओतणारा, पसरवणारा आणि रोलरवाला यांच्यात दहा मिनिटांची चूक झाली तर सांध्याची रेघ कायमची दिसते.

दर लावण्याचा हिशेब ब्रासवरच चालतो आणि नवा ठेकेदार बुडतो तो इथेच. एक ब्रास म्हणजे ९.२९ चौरस मीटर. त्यावर दोन मिलिमीटरचा थर म्हणजे साडेअठरा लिटरच्या वर माल. भरणद्रव्यासह त्याची घनता दीडच्या आसपास धरली तर सुमारे २८ किलो. जमीन मुळात सपाट नसेल आणि सरासरी अर्धा मिलिमीटर माल खड्ड्यांत गेला, तर दर ब्रासला सात किलो जास्त. दोनशे ब्रासच्या शेडमध्ये हे चौदाशे किलो होतात आणि कामाचा सगळा नफा त्यात जिरतो. म्हणून जाणता ठेकेदार निविदेचा कागद घेऊन घरी बसत नाही. पट्टी आणि दोरी घेऊन जमिनीवर फिरतो, आणि खड्डे भरण्याचा दर वेगळा लिहून घेतो. छोट्या कामाचा दर चौरस फुटाला जास्त लावावा लागतो हेही याच हिशेबातले. ग्राइंडर, व्हॅक्यूम आणि जनरेटर टेम्पोत घालून नेण्याचा खर्च पाच ब्रासला तेवढाच आणि पाचशेला तेवढाच.

भांडवल यंत्रांपेक्षा उधारीत अधिक अडकते. राळ रोखीने किंवा महिन्याच्या बोलीने घ्यायची, मजुरांना आठवड्याला उचल द्यायची, आणि बिल मात्र दोन-तीन महिन्यांनी निघायचे. त्यातून पाच ते दहा टक्के रक्कम हमीपोटी वर्षभर मागे ठेवली जाते. जुलै २०१७ पासून अशा ठेक्यांवर वस्तू व सेवा कर १८ टक्के आहे. तो पैसे हाती येण्याआधीच भरायची वेळ येते. २००६ च्या लघुउद्योग विकास कायद्याने लहान उद्योगाचे देणे ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन घातले आणि उशिरावर चक्रवाढ व्याज ठरवले. कायदा चांगला, पण पुढचे काम त्याच गिऱ्हाइकाकडून हवे असणारा ठेकेदार त्याच्याविरुद्ध तक्रार कशी करणार? व्यवहारात आगाऊ रक्कम घेणे, माल जागेवर पोचताच दुसरा हप्ता मागणे आणि पैसे थकले तर शेवटचा थर थांबवणे हेच चालते.

या धंद्याचे पंचांगही वेगळे आहे. कारखाना चालू असताना जमीन रिकामी मिळत नाही, म्हणून दिवाळीची आणि मे महिन्यातली सुट्टी हा सुगीचा काळ. आठ दिवसांत ग्राइंडिंगपासून शेवटच्या थरापर्यंत सगळे उरकायचे असते आणि त्यातही पूर्ण ताकद यायला राळेला साधारण सात दिवस हवे असतात. यंत्रे हलवायची घाई झाली की चाकांचे वण उमटतात. पावसाळा मंदीचा. जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश वर हवे, हा नियम कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये पाळणे कठीण. दमट हवेत हार्डनर वर येऊन थरावर चिकट, पांढुरकी झाक धरतो आणि पुढचा थर त्यावर बसत नाही. पुणे-नगरकडची कामे या महिन्यांत निभावतात. मुंबई, रायगड आणि गोव्यात वातानुकूलित खोल्याच हाती घ्याव्यात असा अनुभवी लोकांचा शिरस्ता आहे.

भांडणे बहुतेक पाण्याची. जमिनीखाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरला नसेल तर ओल काँक्रीटमधून वर चढते आणि सहा-आठ महिन्यांनी इपॉक्सीला फोड येतात. काँक्रीट दुसऱ्याने घातलेले, कागद तिसऱ्याने वगळलेला, पण फोड दिसतात ते सर्वांत वरच्या थरात, म्हणून दोष शेवटच्या ठेकेदाराचा. यावर तोडगा म्हणून काम सुरू करण्याआधी गिऱ्हाइकासह जमिनीची पाहणी करून ओलाव्याचे आकडे लिहायचे आणि दोघांच्या सह्या घ्यायच्या, अशी पद्धत पडली. जुन्या तेलकट जमिनींबाबत तर हमी न देणेच शहाणपणाचे मानले जाते. गॅरेजच्या काँक्रीटमध्ये वर्षानुवर्षे मुरलेले तेल धुऊन निघत नाही.

मजुरांच्या बाजूने पाहिले तर या कामात चुन्याच्या घाणीपेक्षा अंगमेहनत कमी आणि अपाय अधिक. अमाइन जातीचे हार्डनर कातडीला लागून लागून काही जणांना कायमची ॲलर्जी होते. मग डब्याजवळ उभे राहिले तरी हात-चेहरा सुजतो आणि कसबी माणसाला धंदा सोडावा लागतो. ग्राइंडिंगच्या धुळीत सिलिका असते. हातमोजे, मुखपट्टी आणि व्हॅक्यूम यांचा खर्च दरात न धरणारा ठेकेदार निविदेत स्वस्त ठरतो, ही या धंद्यातली जुनी आणि अजून न सुटलेली अडचण.

इपॉक्सीच्या मर्यादाही वीस-तीस वर्षांच्या वापराने पुढे आल्या. साठ अंशांच्या आसपास नेहमीची राळ मऊ पडते, त्यामुळे गरम पाण्याने धुतल्या जाणाऱ्या दुग्धशाळा आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने १९६० च्या दशकाअखेर काढलेल्या पॉलियुरेथेन काँक्रीटने तिची जागा घेतली. उन्हात इपॉक्सी पिवळी पडते. बंगल्यांत आणि दुकानांत काही वर्षे गाजलेल्या चित्रांच्या 'थ्रीडी' जमिनींचा बहर त्यामुळेच लवकर ओसरला. तिथे खिडकीजवळचा समुद्र आधी पिवळा झाला. वाहनतळांत इपॉक्सीवर पॉलियुरेथेनचा पातळ थर देतात.

आता २००५ च्या आगेमागे घातलेल्या जमिनी बदलण्याची वेळ आली आहे आणि धंद्यात एक नवे काम निघाले आहे : जुनी इपॉक्सी काढणे. नवी राळ जुन्या, सैल झालेल्या थरावर टिकत नाही, म्हणून आधी सगळी जमीन ठोकून पाहतात. पोकळ आवाज आला तेवढा भाग काँक्रीटपर्यंत खरवडतात. घट्ट चिकटलेला भाग मात्र ग्राइंडरच्या दातांना दाद देत नाही, राळ तापून दातांत बसते आणि दाते वारंवार बदलावे लागतात. निघालेला भुगा साध्या राडारोड्यात टाकायचा की औद्योगिक कचऱ्यात द्यायचा हे आधी ठरवावे लागते, कारण त्याची वाहतूक आणि शुल्क वेगवेगळे आहे. या कामाचा दर अनेक ठिकाणी नव्या थराच्या दराच्या जवळ जातो. निविदेत तो 'जमिनीची तयारी' या एकाच ओळीत घातलेला असेल तर जुने ठेकेदार ती ओळ तोडून दोन करून मागतात.